एक लग्न, तीन तारखा

‘माझी सून इंग्लंडची. नातवाला शाळेत दोन्ही घराण्यांचा वंशवृक्ष काढून न्यायचा आहे. आमची बाजू मी अर्ध्या तासात सांगून टाकली. सुनेच्या बाजूसाठी विहीणबाईंनी घरातल्या जुन्या कागदांचे फोटो पाठवले आणि मी चक्रावले. त्यांच्या सगळ्यांत जुन्या जोडप्याच्या लग्नाच्या तीन तारखा निघाल्या: ९, १६ आणि २७ ऑक्टोबर १८२१. ९ तारखेच्या कागदात तर नवरदेव आणि आणखी एक गृहस्थ बिशपला २०० पौंड देणे लागतात असं लिहिलंय. कर्जबाजारी होते की काय? त्यांच्या नातवाचा ८ मे १८६९ चा लग्नाचा दाखला आहे. त्यात नवरा, नवरी, साक्षीदार, पाद्री, सगळ्यांच्या सह्या एकाच हस्ताक्षरात! वयाच्या रकान्यात आकडा नाही, नुसतं “पूर्ण वय”. नवरीच्या वडिलांच्या जागी आडवी रेघ. दाखला खोटा असेल का? यांचा थोरला मुलगा ऑक्टोबर १८६९ चा. १९११ च्या जनगणनेत हेच जोडपं सांगतंय की लग्नाला ४२ वर्षं झाली. माझ्या हिशेबाने ४१ होतात. शिवाय या नवऱ्याचा एक भाऊ लष्करात, हिंदुस्थानात होता म्हणे. त्याचं लग्न कुठेच सापडत नाही. विहीणबाईंना हे सगळं विचारायचा संकोच वाटतो. वंशवृक्षात काय लिहू? – एक आजी’

ताई,

विहीणबाईंना बिनधास्त फोन करा. त्यांच्या घराण्यात कर्जबुडवा कोणी निघालेला नाही आणि दाखलाही खोटा नाही. १९११ च्या कागदावर एक थाप आहे खरी, पण ती अशी आहे की सांगितलीत तर पहिल्यांदा त्याच हसतील. तिच्याकडे मागाहून येऊ.

घोटाळा झालाय तो एका समजुतीमुळे. आपण ‘लग्नाची नोंद’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकच कागद येतो, शिक्का मारलेला. प्रत्यक्षात लग्न ठरलं की एक कागद होतो, लागलं की दुसरा, आणि लागून गेल्यावर बाकीचे. लिहिणारे वेगळे, त्यांची गरजही वेगळी. बिशपच्या कचेरीला आपल्यावर बालंट येऊ नये एवढीच काळजी, पाद्र्याला वही पुरी करायची, वर्तमानपत्राला रकाना भरायचा. म्हणून तारीख वाचण्याआधी कागदालाच विचारायचं, बाबा रे, तू कधीचा? लग्नाआधीचा, त्या दिवशीचा की नंतरचा? तुमच्याकडे तिन्ही तऱ्हांचे आलेत, म्हणून तीन तारखा.

९ ऑक्टोबरचा कागद आधीचा. १८२१ साली इंग्लंडमध्ये लग्न लावायचं तर चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्येच लावावं लागे. लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला, तेव्हापासून ज्यू आणि क्वेकर पंथाचे लोक सोडले तर जवळपास सगळ्यांना हा नियम होता, आणि तो पाळायचे रस्ते दोन: पुकारा किंवा परवाना. पुकाऱ्याला तिकडे बॅन्स म्हणतात. तीन रविवार, भर प्रार्थनेत, पाद्री दोघांची नावं वाचणार आणि कोणाची हरकत असेल तर आत्ता बोला म्हणणार. दोघं वेगवेगळ्या पॅरिशमधली, म्हणजे वेगवेगळ्या चर्चच्या हद्दीतली असतील तर पुकारा दोन्हीकडे. ज्यांना घाई असे, किंवा अख्ख्या गावासमोर आपलं नाव वाचलं जाणं कमीपणाचं वाटे, ते पैसे मोजून बिशपच्या कचेरीतून परवाना काढत. तीन रविवार वाचत आणि गावाच्या चर्चाही.

परवाना मागताना नवरदेव शपथेवर सांगे की या लग्नाला कसलीही आडकाठी नाही. तेच शपथपत्र. सोबत एक मुचलका: आमचं म्हणणं खोटं निघालं तर आम्ही अमुक इतके पौंड देणे लागतो. तुमचे २०० पौंड ते हेच. दुसरे गृहस्थ म्हणजे जामीन. मुचलक्याची सुरुवातच ‘आम्ही देणे लागतो’ अशी दणक्यात होते आणि अट खाली येते, की आडकाठी नसेल तर हा कागद रद्द समजावा. विहीणबाईंनी वरचा अर्धा भागच फोटोत घेतला असणार. १८२३ च्या कायद्याने हे मुचलके बंद झाले. या जोडप्याने आणखी दोन-तीन वर्षं दम धरला असता तर तुम्हाला हा धक्का बसलाच नसता!

मुचलक्याच्या जोडीचं शपथपत्र मिळतंय का बघायला सांगा. त्यात दोघांची वयं, राहण्याचं ठिकाण, अविवाहित की विधुर-विधवा, कोणत्या चर्चमध्ये लग्न लावणार, आणि कोणी २१ च्या आतलं असेल तर कोणत्या पालकाने संमती दिली, हे सगळं सापडू शकतं. खुद्द परवाना मात्र शोधू नका. तो जोडप्याच्या हातात पडे, ते तो पाद्र्याला देत आणि पुढे तो बहुधा कचऱ्यात जाई. उरतात ते कचेरीत राहिलेले कागद. जामीनदाराचं नावही टिपून ठेवा. अनेकदा तो नात्यातला निघतो, नवरीचा भाऊ किंवा नवऱ्याचा काका.

पण शपथपत्र असो, मुचलका असो की बॅन्सची वही, त्यांवरून इतकंच कळतं की लग्न ठरलं होतं. ठरलं आणि झालं यांत अंतर असतं. हे मी मोठ्या शहाणपणाने सांगतेय खरी, पण शिकले ते तोंडावर आपटून. एका मैत्रिणीच्या नवऱ्याच्या घराण्याचं काम करताना मी शपथपत्रावरचीच तारीख लग्नाची म्हणून लिहून मोकळी झाले. वर्षभराने त्याच नवरदेवाचं दुसरं शपथपत्र हाती आलं. नवरी निराळी, आणि तो स्वतःला अविवाहित म्हणवत होता. विधुर नाही, अविवाहित. पहिलं लग्न लागलंच नव्हतं. तोवर त्या पहिल्या मुलीचं माहेर मी तीन पिढ्या मागे खणून काढलं होतं.

तुमच्या बाबतीत ती भीती नाही, कारण १६ ऑक्टोबरचा कागद हाताशी आहे. तो चर्चच्या लग्नवहीतला. १७५४ नंतर लग्नांना स्वतंत्र वही आली, तीही बहुतेक ठिकाणी छापील रकान्यांची: दोघांची नावं, पॅरिश, बॅन्सने की परवान्याने, तारीख, लग्न लावणाऱ्याची सही, मग नवरा-नवरीच्या सह्या आणि किमान दोन साक्षीदारांच्या. तुमच्या नोंदीत ‘परवान्याने’ असं असायला हवं. तसं असेल तर ९ आणि १६ चे कागद एकमेकांना बरोबर बसले. नवरीने सही केलीय की फुली मारलीय तेही बघा. फुली म्हणजे निरक्षर असं लगेच ठरवू नका, कधी कधी सही येणारी माणसंही फुली मारत. पण सही असेल तर दोनशे वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने काढलेली ती अक्षरं आहेत. नातवाला ती मोठी करून दाखवा.

साक्षीदारांची एक गंमत सांगते. नुसती आपली नोंद पाहिली की दोन नावं दिसतात आणि माणूस ती नात्यात बसवायला धावतो. पान पूर्ण पाहिलं की कळतं, त्यातलं एक नाव वरच्या नोंदीतही आहे आणि खालच्याही. तो चर्चचा कारकून. प्रत्येक लग्नाला हजर, प्रत्येकाला साक्षीदार. तो तुमच्या विहीणबाईंचा कोणी लागत नाही. एकदाच येणारं नाव मात्र घरचं असण्याची शक्यता दांडगी.

१८२१ च्या त्या वहीत एक मोठी उणीव आहे. वय नाही, वडिलांचं नाव नाही. तिथे २७ ऑक्टोबरचा कागद कामाला येतो. तो फोटो वर्तमानपत्राच्या कात्रणाचा असणार, कारण त्या वर्षी २७ ऑक्टोबरला शनिवार होता आणि गावोगावची बरीच साप्ताहिकं शनिवारी निघत. ती तारीख अंकाची, लग्नाची नाही. मजकुरात ‘नुकतंच’ किंवा ‘गेल्या आठवड्यात’ अशी मोघम भाषा असते, त्यामुळे तारखेसाठी कात्रण कुचकामी. पण ‘अमुक गावच्या अमक्यांची धाकटी कन्या’ असं वर्तमानपत्र हौसेने छापे, आणि नवरीच्या बापाचं नाव वहीत नसताना इथे मिळून जातं. तारखेला सगळ्यांत कच्चा असलेला कागद नात्याला सगळ्यांत पक्का निघतो, असं हे प्रकरण आहे.

आता १८६९ चा दाखला. मधल्या काळात सगळं बदललं होतं. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. निबंधकाच्या कचेरीत किंवा नोंदलेल्या इतर प्रार्थनास्थळांतही लग्न लावता येऊ लागलं, आणि नोंदीत वय, व्यवसाय, पत्ता, दोन्हीकडच्या वडिलांचं नाव आणि त्यांचा धंदा असे रकाने आले. आईचं नाव नाही. ते थेट ४ मे २०२१ पासून आलं! स्कॉटलंडने १८५५ साली आपली सरकारी नोंदणी सुरू केली तेव्हापासून दोन्ही आयांची माहेरची नावंसुद्धा लिहिली जात होती. तुमच्या विहीणबाईंची एखादी शाखा स्कॉटिश निघाली तर तुम्ही नशीबवान.

एका हस्ताक्षराचं कोडं सोपं आहे. तुमच्याकडचा दाखला ही नकलेची नक्कल आहे. चर्चमध्ये दोन सारख्या वह्या असत आणि दोन्हींत खऱ्या सह्या होत. दर तीन महिन्यांनी पाद्री त्या तिमाहीतल्या लग्नांची नक्कल स्वतः उतरवून जिल्ह्याच्या निबंधकाकडे धाडी, तिथून ती लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडे, म्हणजे सरकारी नोंदणीच्या मुख्य कचेरीकडे जाई. दाखला मागितला की तिथला कारकून त्या नकलेवरून उतरवून देई. नवऱ्याची सही, नवरीची सही, सगळं त्याच्याच हातचं. खोटेपणा नाही, पण दोनदा उतरवताना चुका होतात. आडनावातलं एक अक्षर बदलतं, धंदा भलताच वाचला जातो. खऱ्या सह्या पाहायच्या तर चर्चच्या वहीचा फोटो हवा. अशा जुन्या वह्या आता बहुतेक त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात असतात आणि पुष्कळशांचे फोटो ऑनलाइन आलेत.

‘पूर्ण वय’ म्हणजे २१ पूर्ण. लग्नाला पालकांची संमती लागत नाही, एवढंच पाद्र्याला हवं होतं, म्हणून आकडा लिहायचा कंटाळा. त्यावरून २२ होतं की ५२ ते कळत नाही. आणि २१ तरी खरं असेलच असं नाही. घरच्यांना चुकवून आलेली एकोणीस वर्षांची मुलगीही ‘पूर्ण वय’ म्हणून जाई. पाद्री कोणाचा जन्मदाखला मागत बसत नसे. दोघांचा पत्ता एकच दिसला तरी भुवया उंचावू नका. हद्दीत राहतो हे दाखवायला, किंवा दोन पॅरिशमधला पुकारा टाळायला, एकच पत्ता ठोकून दिलेला बरेचदा असतो.

नवरीच्या बापाच्या जागची रेघ जरा नाजूक आहे. बहुतेक वेळा तिचा अर्थ मुलगी लग्नाशिवाय झालेली, बाप सांगायचा नाही किंवा माहीत नाही. पण कधी ती पाद्र्याच्या आळसाची असते, कधी बाप लहानपणीच गेल्याने नाव आठवत नसतं. म्हणून रेघेवरून निकाल देऊ नका, मुलीची जन्मनोंद मागवा. उलटंही होतं बरं का. लाज राखायला नवरी आजोबांचं किंवा सावत्र बापाचं नाव बापाच्या रकान्यात सांगून टाकते, किंवा एखादा बाप चक्क कल्पनेतून जन्माला येतो. भरलेला रकाना रिकाम्यापेक्षा खरा असतो असं मी तरी मानत नाही. ‘मयत’ या शब्दाचंही तेच. लिहिलं असेल तर बहुधा खरं, पण लिहिलं नाही म्हणजे बाप जिवंत होता असं नाही.

आणि आता ती थाप. १९११ ची जनगणना २ एप्रिलला झाली. तिचा फॉर्म घरातल्या कर्त्याने स्वतः भरायचा होता आणि त्या वर्षीचे ते मूळ फॉर्म जपलेले आहेत, म्हणजे तुम्ही पाहताय ते बहुधा त्या आजोबांचंच अक्षर. विवाहित बाईबद्दल विचारलं होतं: सध्याच्या लग्नाला किती पूर्ण वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली किती आहेत, किती गेली. ८ मे १८६९ पासून मोजली तर ४१ पूर्ण वर्षं होतात, तुमचा हिशेब अगदी बरोबर. आजोबांनी ४२ लिहिली, म्हणजे लग्न एप्रिल १८६९ च्या आत नेऊन ठेवलं. थोरला मुलगा ऑक्टोबर १८६९ चा. मे ते ऑक्टोबर पाच महिने होतात, ताई. एक वर्ष वाढवलं की सगळं शिस्तीत बसतं. कदाचित निव्वळ विसरले असतील, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला वर्षाचा फरक माफ आहे. पण हा एका वर्षाचा खेळ मी इतक्या घरांत पाहिलाय की माझा कौल थापेला. यासाठीच सांगते, जनगणनेवरून लग्न शोधायला जाल तेव्हा तिथलं वर्ष हा अंदाज समजा आणि पुढची-मागची दोन वर्षं चाळा.

चाळायचं कशात, तर सरकारी सूचीत. ती तिमाहीवार आहे: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. ८ मेचं लग्न जून तिमाहीत सापडेल. सूचीत नवरा आणि नवरी आपापल्या आडनावाखाली वेगळे असतात. दोघांचा जिल्हा, खंड आणि पान जुळलं तर ते एकमेकांचे असू शकतात, कारण एका पानावर एकाहून अधिक लग्नं असतात. जोडीदाराचं आडनाव सूचीतच छापायला लागले ते १९१२ पासून. त्या पुढचं काम मग लोण्यासारखं.

हिंदुस्थानातल्या भावाचं लग्न इंग्लंडच्या सूचीत मिळत नाही, यात नवल नाही. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नकला बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई. त्याची पलटण कोणत्या इलाख्यात होती ते आधी शोधा, मग ती मालिका. हे काम विहीणबाईंपेक्षा तुम्हालाच जास्त आवडेल असं वाटतं.

त्यांच्या दुसऱ्या एखाद्या शाखेचा कागद १७५४ च्या मागे गेला तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. पॅरिशच्या वह्या १५३८ पासूनच्या, आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमाने सुरू झालेल्या. पण सगळ्या टिकल्या नाहीत, आणि १६४० ते १६६० या यादवीच्या आणि तिच्यामागच्या उलथापालथीच्या काळात पुष्कळ ठिकाणी पानंच्या पानं कोरी आहेत. वही गेली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी तिची नक्कल शोधायची. आणि १७५२ च्या आधी तिकडे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. वहीत ‘फेब्रुवारी १७२०’ लिहिलेलं लग्न आपल्या हिशेबाने १७२१ चं. मूल लग्नाच्या आधी जन्मलेलं दिसलं की आधी हे तपासा, मग कुजबुज करा. लंडनजवळच्या कोणाचं लग्न काही केल्या मिळत नसेल तर फ्लीट तुरुंगाच्या आसपास लागणाऱ्या चोरट्या लग्नांच्या वह्याही बघाव्यात. हार्डविकचा कायदा आला तो मुख्यतः असल्या लग्नांना चाप लावायला. त्यानंतर पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडे स्कॉटलंडात ग्रेटना ग्रीनला जाऊ लागली, कारण तिथे साक्षीदारांसमोर नुसतं ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं तरी चालत होतं. त्याही वह्या काही उरल्यात, पण त्यांवर फार भिस्त ठेवू नये.

नातवाच्या तक्त्यात १६ ऑक्टोबर १८२१ आणि ८ मे १८६९ लिहा. पहिलीपुढे कंसात ‘चर्चची वही’, दुसरीपुढे ‘दाखल्याची नक्कल’ असं बारीक अक्षरात टाका. विहीणबाईंना म्हणावं, १६ तारखेच्या नोंदीचा फोटो परत पाठवा, पण या वेळी फक्त आपली चौकट नको, अख्खं पान हवं. आणि मुचलक्याचा खालचा अर्धा भाग.